आखाड्यावरचे शीतकपाट

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



वर्धापनदिनाला कोणी पाककृती सांगते, कोणी भरतकाम दाखवते, कोणी जात्यावरच्या ओव्या म्हणते. मला मात्र चिटणीसबाईंनी सांगितले, "तुमच्या आखाड्यावर बॅटरीवर फ्रीज चालतो म्हणे, त्याविषयी बोला." मी म्हटले, त्यात काय बोलायचे? तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्ही दोनदा फसलात आणि तिसऱ्यांदा जमले, तेवढेच सांगा. आमचे दोन वेळचे फसणे वाचेल." म्हणून उभी राहिले आहे. मी काही इंजिनीअर नव्हे. दहावीनंतर शाळा सुटली. पण घरचा जमाखर्च मला ठेवता येतो, आणि आज जे सांगणार आहे ते शेवटी एका जमाखर्चाचेच आहे.

आपल्यापैकी बऱ्याच जणी गावात राहतात. हिमायतनगरात, म्हणजे जुनी माणसे अजून ज्याला वाढोणाच म्हणतात त्या आपल्या गावात, वीज जाते आणि येते. आमचे राहणे मात्र पैनगंगेकडे जाणाऱ्या वाटेवर, शेतातल्या आखाड्यावर. तिथे विजेचे जाणे नाही, कारण येणेच नाही. जवळचा खांब दीड किलोमीटरवर. दिवे एका लहानशा सोलरच्या प्लेटवर लागतात, मोबाईल त्यावरच चार्ज होतो, आणि तेवढ्यावर आमचे बरे चालले होते.

अडले ते सासूबाईंच्या औषधापाशी. त्यांना मधुमेह जुना. गेली कित्येक वर्षे रोज दोन वेळा इन्सुलिनचे इंजेक्शन घ्यावे लागते. गावात राहायला या म्हणून दिरांनी पुष्कळ आग्रह केला, पण सासऱ्यांच्या मागे त्यांनी आखाडा सोडला नाही. इन्सुलिनच्या शिश्या आम्ही माठाजवळ ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवीत असू. २०२२ सालच्या वैशाखात ऊन त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांवर गेले आणि सासूबाईंची साखर काही केल्या उतरेना. डॉक्टरांनी मात्रा वाढवली, तरी उतरेना. मला वाटले चोरून गोड खातात. मी त्यांना बोलले सुद्धा. ते बोलणे आजही मला लागते. कारण आठच दिवसांत त्यांना ग्लानी आली, दवाखान्यात न्यावे लागले, आणि तिथे पहिला प्रश्न आला तो हा, "औषध ठेवता कुठे?"

आमच्या वस्तीवर लसीकरणाला येणाऱ्या सिस्टरबाईंनी मग मला बसवून समजावले. इन्सुलिनची न उघडलेली शिशी दोन ते आठ अंशांत राहिली पाहिजे. उघडलेली, म्हणजे चालू असलेली शिशी साधारण चार आठवडे बाहेर चालते, परंतु ते "बाहेर" म्हणजे पंचवीस-तीस अंशांपर्यंतचे. आपल्याकडच्या वैशाखातले पत्र्याखालचे बाहेर नव्हे. उष्णतेने औषध नासते, आणि दुधासारखे ते फाटून दाखवीलच असे नाही. कधी गढूळ होते, कधी आत कण दिसतात, पण कधी दिसायला अगदी स्वच्छ असते आणि गुण मात्र गेलेला असतो. आमच्या शिश्या तशाच स्वच्छ होत्या. सासूबाई पाण्याचे इंजेक्शन घेत होत्या म्हणा ना, आणि बोल मी त्यांच्या जिभेला लावीत होते.

माठ वाईट नव्हे, हेही सिस्टरबाईंनीच सांगितले. कोरड्या हवेत माठाच्या अंगावरचे पाणी उडते आणि उडताना उष्णता घेऊन जाते, म्हणून आतले पाणी गार होते. चालू शिशीसाठी तेवढे गारवे पुष्कळदा पुरते. परंतु ते दोन ते आठ अंशांवर कधीच उतरत नाही. आणि मृग बरसला, हवा दमट झाली, की माठाचे काम थंडावते. महिन्याच्या साठ्याच्या शिश्या ठेवायच्या तर शीतकपाटच हवे.

आता पहिले फसणे ऐका. धाकट्या जावेने शहरात नवा फ्रीज घेतला आणि जुना आम्हाला दिला. एकशेपासष्ट लिटरचा, पांढरा, चांगला चालणारा. आम्हाला आनंद झाला. बाजारातून एक इन्व्हर्टर, एक दीडशे आम्पिअर-तासाची बॅटरी आणि दीडशे वॉटची प्लेट आणली. फ्रीज सुरू करताच इन्व्हर्टर किंचाळून बंद पडला. त्याचे कारण नंतर कळले. फ्रीजचा कॉम्प्रेसर चालताना शंभर-सव्वाशे वॉट घेतो, परंतु सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या कैक पट ओढतो. बैल चालती गाडी सहज ओढतो, पण रुतलेली गाडी हलवताना जोर करतो, तसे. मग मोठा इन्व्हर्टर आणला. फ्रीज चालला. रात्री दोनच्या सुमारास पुन्हा किंचाळणे. बॅटरी रिकामी.

असे रोज होऊ लागले. दिवसा गार, रात्री कोमट. पावसाळा लागला तेव्हा दिवसाही नीट गार होईना. कार्तिकात बॅटरी कायमची गेली. पाच महिन्यांत. बॅटरीवाल्या भाऊंनी ती उघडून पाहिली आणि म्हणाले, "ताई, हिला तुम्ही एकदाही पोटभर जेवू घातलं नाही."

त्या रात्री मी वही घेऊन बसले आणि पुतण्याला म्हटले, मला हिशोब समजाव. तो आयटीआयला जातो. त्याने सांगितले ते असे. वीज मोजायची ती वॉट-तासात. पन्नास वॉटचा दिवा दोन तास जळला तर शंभर वॉट-तास. हजार वॉट-तास म्हणजे बिलावरचे एक युनिट. आता खर्च मांडा. जुना फ्रीज आमच्या पत्र्याखाली, ज्येष्ठातल्या उन्हात, दिवसाला दीड युनिटाच्या घरात वीज खात होता. आणि इन्व्हर्टर? तो नुसता चालू ठेवला तरी स्वतःसाठी पंधरा वॉट घेत होता. पंधरा म्हणजे किती क्षुल्लक! पण चोवीस तासांचे झाले तीनशे साठ. ही तर मापाड्याचीच मापाई झाली. एकूण खर्च अठराशेच्या वर. आणि जमा? दीडशे वॉटची प्लेट, चांगले ऊन धरले पाच तास, म्हणजे फार तर साडेसातशे. भगिनींनो, साडेसातशे मिळकत आणि अठराशे खर्च, असा संसार कोणती बाई चालवील? आम्ही पाच महिने चालवला, आणि दोष बॅटरीला दिला.

मला तेव्हा जे उमगले ते आज सांगण्यासारखे आहे. बॅटरी म्हणजे झरा नव्हे, रांजण आहे. रांजण मोठा घेतला म्हणून पाणी वाढत नाही. पाणी जेवढे ओताल तेवढेच निघते, किंबहुना थोडे कमीच, कारण काही झिरपते. आणि शिशाच्या बॅटरीचा रांजण असा की तळ खरवडला की तडकतो. दीडशे आम्पिअर-तासाला बारा व्होल्टने गुणले की अठराशे वॉट-तास होतात, पण त्यातले निम्मेच आपले समजायचे. निम्म्याखाली रोज उतरले, आणि वर पुन्हा भरली नाही, तर आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर पांढरा थर घट्ट बसतो आणि बॅटरी मरते. लिथियमच्या बॅटऱ्या आता निघाल्या आहेत. त्यांतली ऐंशी टक्के वीज निर्धास्त वापरता येते, आयुष्यही जास्त. परंतु किंमत पाहून आम्ही मागे फिरलो.

तेव्हा उपाय रांजण मोठा करणे हा नव्हता. खर्च कमी करणे हा होता. आणि थंडीचा खर्च कमी करायचा म्हणजे यंत्राकडे नंतर आणि पांघरुणाकडे आधी पाहायचे.

हे मी एका जुन्या गोष्टीवरून शिकले. १८३३ साली अमेरिकेतील बोस्टनहून एक गलबत बर्फ भरून कोलकात्याला आले. फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्याचा हा उद्योग. चार महिन्यांचा प्रवास, वाटेत विषुववृत्त दोनदा ओलांडायचे, जहाजावर यंत्र कसलेच नाही. तरी अर्ध्याहून अधिक बर्फ शाबूत उतरला. कशाने? झाडाच्या सालीच्या वाळलेल्या भुशाने. भोवती भुसा घट्ट भरला होता, एवढेच. पुढे मुंबईतही असा अमेरिकेचा बर्फ येऊ लागला. म्हणजे थंडी तयार करणे हे यंत्राचे काम असेल, परंतु थंडी राखणे हे पांघरुणाचे काम आहे.

दुसरी गोष्ट आपल्या मराठवाड्यातलीच आहे आणि बायांची आहे, म्हणून ती सांगताना मला अभिमान वाटतो. ज्या गोदरेज कंपनीने १९५८ साली आपल्या देशात शीतकपाटे बनवायला सुरुवात केली, तिनेच पुढे, वीज नसलेल्या किंवा जाणाऱ्या घरांसाठी एक लहान पेटी काढायचे ठरवले. २००८ साली त्यासाठी उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवात, सुमारे सहाशे बाया बोलावल्या आणि नमुने पुढे ठेवून त्यांचे मत विचारले. त्यातून 'छोटुकूल' नावाची पेटी निघाली. वजन आठ किलोहून कमी, बारा व्होल्टवर चालणारी, बॅटरीवरही चालणारी, आणि झाकण वरून. वरून का? कारण थंड हवा जड असते. उभ्या फ्रीजचे दार उघडले की ती पायांवर सांडते. पेटीचे झाकण उघडले तर ती तळाशी बसून राहते. विहिरीत उतरले की गारवा लागतो, तसेच हे.

त्या पेटीत कॉम्प्रेसर नव्हता. दोन वेगळ्या धातूंसारख्या पदार्थांच्या जोडातून वीज सोडली की एक बाजू गार आणि दुसरी गरम होते, या १८३४ साली पेल्तिये या फ्रेंच माणसाने दाखवलेल्या गुणावर ती चाले. अशा पेट्या बाजारात आजही गाडीत ठेवायला म्हणून मिळतात, स्वस्त असतात, आणि म्हणून मी आज मुद्दाम सावध करते. या जातीची पेटी बाहेरच्यापेक्षा साधारण वीस अंशच खाली उतरते. बाहेर तीस असेल तर आत दहा, म्हणजे दूध-भाजीला उत्तम. परंतु बाहेर त्रेचाळीस असेल तर आत तेवीस. तेवीसवर भाजी एक दिवस टिकेल, इन्सुलिनचा साठा टिकणार नाही. शिवाय तेवढ्याच थंडीला ती कॉम्प्रेसरपेक्षा जास्त वीज खाते. दूध ठेवायचे की औषध, हे आधी ठरवा. मग पेटी निवडा.

तिसरा धडा पुन्हा सिस्टरबाईंकडून मिळाला. आरोग्य केंद्रात लसी ज्या शीतकपाटात असतात त्याच्या भिंतीच्या आत बर्फाचे अस्तर असते. चोवीस तासांत आठ तास वीज मिळाली तरी लस सुरक्षित राहते. बॅटरी अजिबात न लावता थेट उन्हावर चालणारीही लसीची शीतकपाटे निघाली आहेत. ती दिवसा बर्फ करून ठेवतात आणि रात्र त्यावर काढतात. वीज साठवण्याऐवजी थंडीच साठवायची! हे ऐकून मला वाटले, अरे, हे तर आपण नेहमीच करतो. चूल दिवसभर जळत नाही. भाकरी मात्र सांजेलाही असते.

एवढे शिकून आम्ही २०२३ च्या होळीच्या सुमारास दुसऱ्यांदा कामाला लागलो. बचत गटाचे कर्ज काढले. पन्नास लिटरची, वरून उघडणारी, जाड भिंतीची, कॉम्प्रेसर असलेली पेटी घेतली. ती बारा व्होल्टवर थेट बॅटरीवरून चालते. मध्ये इन्व्हर्टर नाही, म्हणजे मापाड्याची मापाई नाही. चालताना पन्नास वॉट घेते. भर वैशाखात ती निम्मा वेळ चालते, म्हणजे दिवसाला सहाशे वॉट-तास. थंडीत याच्या निम्मेही नाही. प्लेट घेतली तीनशे पस्तीस वॉटची. धूळ, उष्णता, तारेतले नुकसान सगळे वजा जाता चांगल्या दिवशी हजार तरी जमा होतात. प्लेट तापली की वीज कमी देते, हे मला ठाऊक नव्हते. मला वाटे ऊन जितके कडक तितकी कमाई जास्त. तसे नाही, तिला प्रकाश हवा, उष्णता नको. म्हणून ती पत्र्याला चिकटवून न लावता खालून वारा जाईल अशी, दक्षिणेकडे थोडी कलती लावली.

जमा हजार, खर्च सहाशे. शिलकीचा संसार सुरू झाला. तरी फसणे संपले नव्हते.

पहिल्याच आठवड्यात पेटी रात्री आपोआप बंद पडू लागली. बॅटरी तर भरलेली. पुतण्याने तारेला हात लावून पाहिले, तर तार गरम. आम्ही बॅटरी ओसरीच्या टोकाला आणि पेटी आतल्या खोलीत ठेवून मध्ये दिव्याची बारीक तार ओढली होती. बारा व्होल्टवर पन्नास वॉट म्हणजे चार आम्पिअरहून जास्त प्रवाह, आणि सुरू होताना त्याहून अधिक. बारीक तारेत दाब वाटेतच गळत होता. पेटीला वाटे बॅटरी संपली, आणि बॅटरी वाचवण्यासाठी ती स्वतः बंद होई. बारीक नळीने लांबच्या वाफ्याला पाणी पोचत नाही, तसे. बॅटरी पेटीजवळ आणली, भिंतीला झरोका पाडला, जाड आणि आखूड तार घातली, बॅटरीच्या तोंडाशीच फ्यूज लावला. त्या दिवसापासून पेटी तारेपायी एकदाही बंद पडली नाही. खर्च फार थोडा.

मग कडुनिंब. दुपारी चारनंतर त्याच्या एका फांदीची सावली प्लेटच्या कोपऱ्यावर पडे. कोपरा तर झाकला, असे वाटते. पण आतल्या काचा माळेसारख्या ओवलेल्या असतात. एक मणी अडला की माळ अडते. फांदी तोडायला सासूबाई तयार होईनात, तेव्हा प्लेट हलवली. झाडही राहिले.

आणि एकदा औषध गोठले. मालकांनी "जास्त गार ते जास्त चांगले" म्हणून आकडा अगदी खाली नेला. भिंतीला टेकलेल्या शिशीत बर्फ झाला. वितळल्यावर ती दिसायला पहिल्यासारखीच. सिस्टरबाई म्हणाल्या, फेकून द्या. गोठलेले इन्सुलिन पुन्हा वापरायचे नाही. त्या शिशीची किंमत हातात धरून उकिरड्यापर्यंत जाणे जिवावर आले, पण गेले. तेव्हापासून शिश्या डब्यात घालून पेटीच्या मध्यावर ठेवतो, भिंतीला लागू देत नाही, आणि आकडा पाचवर.

आता खरी अडचण सांगते. ती यंत्राची नव्हती, माणसांची होती. चैत्रात हळद काढायला बाया आल्या होत्या. पेटी घरात आहे हे कळल्यावर दुपारी एकीने हंडा भरून पाणी आणले, "वैनी, जरा गार करून द्या की." नाही कसे म्हणायचे? उन्हात राबणारी बाई पाणी मागते आहे. मी दहा बाटल्या भरून पेटीत टाकल्या. पेटी घरघरू लागली ती थांबेना. संध्याकाळी आतला आकडा पाहिला, सतरा! दहा लिटर पाणी अडतीस अंशांवरून आठवर आणायला दोनशे वॉट-तासांच्या आसपास वीज लागते, म्हणजे दिवसाच्या खर्चाचा तिसरा हिस्सा. आणि ते कोमट पाणी शेजारच्या शिश्यांनाच आधी तापवते.

दुसऱ्या दिवशी त्या बाया पुन्हा आल्या. मी काही बोलायच्या आत सासूबाई पुढे झाल्या. म्हणाल्या, "बायांनो, दोन नवे माठ मांडलेत, वाळा घातलाय, पाहिजे तेवढं प्या. माठ तुमचा, पेटी माझी. पाहुण्याला माठातलं पाणी दिलं म्हणून कोणी नावं ठेवत नाही. पण मला कोमट औषध दिलं तर नावं ठेवायला मीच राहायची नाही." सगळ्या हसल्या. कोणी रागावले नाही. जे मला आठ दिवस जड झाले असते ते त्यांनी एका वाक्यात उरकले.

तेव्हापासून आमच्या पेटीचा कायदा सासूबाईंच्या हातात आहे. त्यांना अक्षर येत नाही, परंतु बाजारापुरते आकडे येतात. सकाळी आणि सांजेला त्या आतल्या तापमापकाचा आकडा वाचतात, आणि नातू वहीत लिहितो. आरोग्य केंद्रात दोन वेळा नोंद करतात तशीच. "सकाळी पाच, सांजेला सहा." झाकण दिवसातून चार वेळांहून जास्त उघडायचे नाही. ऊन काही आत ठेवायचे नाही. मोकळ्या जागेत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या कायम ठेवायच्या, आणि त्या पिण्यासाठी काढायच्या नाहीत. गार झालेले पाणी थंडी धरून ठेवते, झाकण उघडले तरी आकडा एकदम चढत नाही. दुपारी ऊन भरात असते तेव्हा पेटी चार अंशांवर लावायची आणि रात्री सहावर, म्हणजे फुकटच्या उन्हात जास्त थंडी साठते आणि रात्री बॅटरीला विसावा मिळतो.

पावसाळ्याचे मात्र लपवीत नाही. श्रावणात आभाळ तीन-तीन दिवस उघडत नाही. तेव्हा जमा हजारावरून तीनशेवर येते आणि खर्च चारशेच्या आसपास असतो. बॅटरीतला आपला निम्मा वाटा सुमारे नऊशे. त्यावर काही दिवस निघतात, फार लांबले तर नाही. म्हणून त्या दिवसांत दूध, ताक, भाजी बाहेर. आत फक्त औषध. व्होल्टमीटरवर, पेटी थांबलेली असताना, बारा पूर्णांक दोन दिसले की बॅटरी निम्मी झाली असे समजायचे. त्याखाली गेली तर थर्मासमध्ये शिश्या घालून गावात जावेकडे पोचवायच्या. गेल्या दोन पावसाळ्यांत असे एकदाच करावे लागले. अभिमान बाळगून बॅटरी मारायची नाही आणि औषधही नासू द्यायचे नाही.

बॅटरीची निगा आपल्याच हातची आहे. महिन्यातून एकदा झाकणे उघडून पातळी पाहायची आणि बॅटरीचेच पाणी घालायचे. विहिरीचे किंवा नळाचे नाही, त्यातले क्षार आत बसतात. चार्ज होताना तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो, म्हणून ती चुलीजवळ, देवघराच्या दिव्याजवळ, बंद कोंदट खोलीत ठेवायची नाही. तिला ऊन लागू द्यायचे नाही. उष्णतेने तिचे आयुष्य झपाट्याने घटते. आत आम्ल असते, मुलांचा हात जाऊ द्यायचा नाही. प्लेट पहाटे गार असताना ओल्या फडक्याने पुसायची. आणि झाकणाचे रबर नीट बसते की नाही हे पाहायला एक सोपी युक्ती आहे. कागदाचा तुकडा झाकणात धरून ओढायचा. सहज निघाला तर तिथून थंडी जाते आहे.

सगळे मिळून खर्च चाळीस हजारांच्या पुढे गेला. आमच्यासारख्यांना तो थोडा नाही. कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत. आधीच्या फसण्यात जे गेले ते वेगळेच. म्हणून ज्यांच्या घरी वीज आहे, आणि नुसती अधूनमधून जाते, त्यांनी माझे पाहून बॅटरीच्या मागे लागू नये. नेहमीच्या फ्रीजमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून ठेवाव्यात आणि वीज गेल्यावर दार उघडू नये. चार-सहा तास सहज निभावतात. ज्यांच्याकडे तारच नाही, आणि घरात असे औषध आहे, त्यांच्यासाठी मात्र ही चैन नव्हे.

सासूबाईंची साखर त्या उन्हाळ्यात ताळ्यावर आली. डॉक्टरांनी वाढवलेली मात्रा पुन्हा उतरवली. मी त्यांची क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "तुला काय ठाऊक, मलाही वाटलं होतं मीच झोपेत गूळ खाते की काय." असे म्हणून हसल्या, आणि तो विषय पुन्हा काढला नाही.

आज त्या पेटीत आमच्याखेरीज आणखी दोन आखाड्यांवरच्या शिश्या आहेत. एक एका शाळकरी मुलीची आहे. पन्नास लिटरांत शिश्यांना लागते किती? एक डबा. जागा पुष्कळ आहे, फक्त झाकण उघडण्याची वेळ ठरलेली आहे. यावरून मला मंडळापुढे एक विनंती ठेवायची आहे. आपल्या भोवतीच्या वाड्या, तांडे, आखाडे यांवर कोणाकोणाकडे असे औषध आहे, आणि ते कुठे ठेवले जाते, एवढे आपण वर्षभरात घरोघर जाऊन विचारू या. प्रत्येक घरी पेटी होणार नाही. पण चार घरांत मिळून एक होऊ शकते, आणि ज्यांच्याकडे वीज आहे त्यांच्या फ्रीजमध्ये शेजारणीच्या डब्याला कोपरा मिळू शकतो. विचारताना एक काळजी घ्यावी. साखर का वाढली म्हणून त्या घरच्या म्हातारीला बोल लावण्याआधी शिशी कुठे आहे ते पाहावे. मी आधी बोल लावला होता, म्हणून सांगते.

महाशिवरात्रीला परमेश्वराच्या यात्रेला आपण सगळ्या भेटतोच. त्या वेळी ज्यांना पेटी पाहायची असेल त्यांनी तशाच आमच्या आखाड्यावर यावे. गार पाणी मिळेल, पण माठातले. पेटी उघडून दाखवायची की नाही, ते सासूबाई ठरवतील.